वानखडेभाऊंचे हुकलेले कायोटी

वानखडेभाऊंना चार वर्षांत एकही कायोटी मारता आलेला नाही, हे अमेरिकेतल्या आमच्या फ्रिस्कोत पोराटोरांनाही ठाऊक आहे. आणि तरीही भाऊंइतका नावाजलेला शिकारी अख्ख्या गावात दुसरा नाही. हे कसं, ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. कळत नव्हतं म्हणून मी जळत होतो. (नाव मी बदललं आहे. बाकी काही बदललेलं नाही.)

कायोटी म्हणजे आपल्याकडच्या कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून किरकोळ असा इथला प्राणी. फ्रिस्कोच्या उत्तरेला तासाभरावर डेल नावाच्या म्हाताऱ्याचं गुरांचं रान्च आहे. कायोटी त्याची नुकती जन्मलेली वासरं मारतात, म्हणून त्याने भाऊंना शिकारीची मुभा दिलेली. भाऊ मूळचे यवतमाळचे, वय अठ्ठावन्न, विधुर, नोकरी डेटाबेस सांभाळायची. दर शनिवारी पहाटे ते रायफल, घडीची खुर्ची आणि ससा किंचाळल्याचा आवाज काढणारा एक स्पीकर घेऊन निघतात. दुपारी हात हलवत परत येतात. आणि संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जेवायला असतात, भोवती घोळका जमवून.

"आता काय सांगू राजेहो," असं म्हणून ते पाण्याचा एक घोट घेतात, आणि तेवढ्यावरच अर्धे लोक हसायला लागतात.

एकदा ते लाल मुंग्यांच्या वारुळावर खुर्ची मांडून बसले. नेमका तेव्हाच कायोटी समोर आला. "तो माझ्याकडे पाहून राहिला, मी त्याच्याकडे पाहून राहिलो, आणि मुंग्या आपलं काम करून राहिल्या." शेवटी भाऊ उठले आणि त्यांनी पँट काढून झटकली. "पळाला नाही बाप्पा तो. बसून पाहत होता."

एकदा स्पीकर झुडपामागे ठेवला, तर कायोटीने मागून येऊन स्पीकरच पळवला. "पुढे ससा किंचाळून राहिला, मागून मी." आणि सगळ्यात पहिली गोष्ट स्कंकची, म्हणजे शेपटीखालून दुर्गंधी फवारणाऱ्या प्राण्याची. अंधुक उजेडात भाऊंनी त्याच्यावर पाय दिला आणि त्याने आपल्या कुवतीप्रमाणे परतफेड केली. पुढचे दोन आठवडे लोक भाऊंना घराबाहेर पॅटिओवर बसवून जेवायला वाढत होते. पण वाढत होते.

ह्यात माझं दुखणं असं की मी अलास्काला जाऊन आलोय. चाळीस पावलांवरून अस्वल पाहिलंय, जिवंत, मासा खाताना. फोटो आहेत. गेल्या दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी "अस्वलाने मान वळवली आणि..." इथवर आलो होतो, तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "भाऊ आले का रे?" ते अस्वल अजून मान वळवूनच उभं आहे.

माझी बायको अश्विनी तर भाऊंचं ऐकताना ओढणीने डोळे पुसते. माझ्या विनोदावर ती अशी शेवटची हसली तेव्हा आम्ही एच-वन व्हिसावर होतो.

एवढी फजिती एकाच माणसाची होत नाही, भाऊ थापा मारतात, असं माझं मत होत चाललं होतं. ते सिद्ध करायचं म्हणून फेब्रुवारीत मी म्हटलं, "भाऊ, मी येऊ का एकदा?"

भाऊंनी हातातला ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "या ना मिलिंदराव. थंडी असते पण."

उजाडता उजाडता आम्ही एका झाडाखाली बसलो. गवतावर दहिवर गोठलं होतं. आणि मला शेजारी दुसराच माणूस दिसायला लागला. भाऊंनी बसण्याआधी पायाने जमीन चाचपली. चिमूटभर पावडर सोडून वारा पाहिला. स्पीकर लावला आणि जे गप्प झाले, ते वीस मिनिटं पापणीसुद्धा हलली नाही. मग कुंपणाच्या बाजूने करड्या रंगाचं काहीतरी धावत आलं, थबकलं. मी म्हणणार होतो, "भाऊ, तो बघा." तोवर गोळी सुटली होती. एकच. कायोटी जागच्या जागी पडला.

आवाज ऐकून डेल पिकअप घेऊन आला. खाली उतरून त्याने पाहिलं, टोपीला हात लावला आणि म्हणाला, "दॅट मेक्स इलेव्हन, मिस्टर वान."

इलेव्हन. अकरा. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ बुटाच्या नाडीकडे पाहत होते.

परतताना गाडीत मी पट्टा लावला. मग विचारलं, "लोकांना खोटं का सांगता?"

"खोटं नाही. मुंग्या खऱ्या, स्कंक खरा. ज्या दिवशी लागतो, त्या दिवशी जुनं काहीतरी काढतो. एवढंच."

"पण कशासाठी?"

हायवेवरच्या दोन एक्झिट मागे पडल्यावर भाऊंनी उत्तर दिलं.

"मंजू गेली तेव्हा तीन महिने लोकांनी डबे आणले. मग ज्याचे त्याचे व्याप. त्यांचंही बरोबरच आहे. मला बोलता येत नव्हतं हो. आमच्या घरातलं सगळं बोलणं तीच बोलायची. कुठे गेलो तर कोपऱ्यात प्लेट घेऊन उभा. कोण कशाला बोलवेल? ऑफिसातल्या एकाने शिकारीला नेलं, तिथे तो स्कंक भेटला. अश्विनीवहिनींनी विचारलं, भाऊ, हा वास कसला? मी सांगितलं, तर सगळे हसले. पुढच्या शनिवारी दोन घरून फोन."

"मग पहिला लागला तेव्हा?"

"सांगायला म्हणूनच निघालो होतो. गाडीत जुळवून पाहिलं. गेलो, बसलो, मारला. संपलं. पुढे काय बोलू? हे ऐकून खूश होणारी एकच होती."



संध्याकाळी आमच्याच घरी जेवण होतं. भाजी वाढता वाढता अश्विनी म्हणाली, "आज काय झालं भाऊ? नाही, थांबा. आज आमच्याकडचा साक्षीदार आहे. मिलिंद, तू सांग."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अख्खी खोली माझ्या तोंडाकडे पाहत होती. आणि माझ्याकडे सांगण्यासारखं होतं, खरं होतं, कुणीच ऐकलेलं नव्हतं. अकरा. मोह झाला नाही असं म्हटलं तर ती थाप होईल. भाऊ खाली मान घालून कोशिंबीर चमच्याने एका बाजूला सारत होते.

"माझ्यामुळे हुकला," मी म्हटलं. "शिंक आली."

"एक नाही राजेहो," भाऊंनी मान वर केली. "सात. सातव्या शिंकेला तर कायोटी थांबला. म्हटलं, आता 'ब्लेस यू' म्हणतो."

हशा पिकला. अश्विनीने ओढणी डोळ्यांना लावली. हसणं निम्मं माझ्यावर होतं, तरी भाव खाऊन गेले भाऊच. ते मला टोचलंच.

मंडळी गेली. भाऊही बूट घालून दारापर्यंत गेले, तिथे घुटमळले आणि म्हणाले, "भांडी राहिली आहेत ना?" अश्विनी नको नको म्हणेतो त्यांनी बाह्या सारल्या होत्या. ते घासत गेले, मी पुसत गेलो.  

"बघ," अश्विनी मला म्हणाली, "भाऊ कढईच्या कडासुद्धा घासतात."

भाऊंनी कढई उलटी धरून पाणी निथळू दिलं. मग ती हातात घेऊन ओट्याखालच्या कप्प्यांकडे पाहत उभे राहिले.

"तुमच्याकडे ही कुठे ठेवतात?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे मंजूने डावीकडे ठेवलेली. अजून तिथेच आहे."