तारीख लागली काय?

उकंडभाऊ माणसाला नावानं हाक मारत नाहीत, मतदार यादीतल्या क्रमांकानं मारतात. अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं फुलांचं दुकान आहे. "या दोनशे सात, शेवंती ताजी हाय." "काहून चारशे अकरा, लेकाचं नाव अजून टाकलं नाई?" गंमत म्हणजे दोनशे सात आणि चारशे अकरा खुशीत ओ देतात.

मी त्याच गल्लीतली. शाळेत शिक्षिका आणि आमच्या भागाची बीएलओ, म्हणजे मतदार यादी सांभाळणारी सरकारी बाई. नेमणुकीचा कागद माझ्याकडे, ओळखपत्र माझ्या गळ्यात, उन्हातान्हातली पायपीट माझी. आणि लोक विचारायला जातात कुणाकडे? फुलवाल्याकडे! मी दार वाजवून फॉर्म भरा म्हटलं की बायका म्हणतात, "भाऊले इचारून सांगतो." स्पष्टच सांगते, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

गल्लीतली पोरगी अठरा वर्षांची झाली की भाऊ नोंदणीचा फॉर्म घेऊन हजर, वर एक झेंडूचा हार. कुणी वारलं की तेराव्याला फुलंही त्यांचीच आणि नाव कमी करायचा सात नंबरचा फॉर्मही त्यांचाच. लेकींची नावं लग्नानंतर हप्त्याभरात सासरी धाडायचे. "यादी साफ पाहिजे," हे त्यांचं पालुपद.

गेल्या खेपेला मी प्रभागाची कच्ची यादी शाळेच्या फळ्यावर लावली. भाऊ चष्मा पुसत आले, यादीवरून बोट फिरवलं आणि चारचौघांत म्हणाले, "मॅडम, तीनशे चाळीसची सून सासूपेक्षा सात वर्षांनं मोठी करून ठेवली तुमी. अन् नव्वदच्या नवऱ्याले बाजूच्या प्रभागात धाडलं. भांडले होते काय दोघं?" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं माझे यजमान हसले.

महापालिकेची निवडणूक लांबत गेली तेव्हा तर त्यांनी माझं डोकं उठवलं. मी दुकानावरून गेले की रोज एकच, "मॅडम, तारीख लागली काय?" मला वाटायचं, म्हातारपणी नगरसेवक व्हायचे डोहाळे लागलेत. कोणतंही मतदान असो, त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते सकाळी सातपासून शाळेच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे स्टुलावर बसायचे. आत केंद्रात आम्ही यादीत मुंडी घालून घामाघूम, कोण आलं कोण गेलं पाहायला फुरसत नाही आणि येणारे-जाणारे नमस्कार घालणार यांना.

आणि यंदा घरोघरी पडताळणी करताना मला घबाड सापडलं. भाऊंच्याच घरात, क्रमांक तीनशे अठरा, वैशाली. ही त्यांची एकुलती एक मुलगी. आठ वर्षांपूर्वी बापाच्या मनाविरुद्ध लग्न करून अमरावतीला गेली. जावई नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात आहे. त्यानंतर तिला बापाच्या घरी आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. राहते अमरावतीला आणि नाव अकोल्यात! तेही उकंडभाऊंच्या घरात! सात नंबरचा फॉर्म घेऊन मी अक्षरशः तरंगत गेले.

भाऊ एकटेच होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालीत. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा ठेवला आणि मग फॉर्म हातात घेतला. वाचून चष्मा काढला.

"बरोबर हाय मॅडम. काढाच लागते. यादी साफ पाहिजे."

"मग इतकी वर्षं का ठेवलंत?" मी मुद्दाम आवाज चढवला.

"लग्नाच्या वक्ती मीच म्हनलं होतं, या घरात पाय ठेवू नोको. पोरगी माह्यासारखीच हाय, शब्दाची पक्की. नाई ठेवला पाय. पन मत द्याले येते. शाळा का माह्यं घर हाय? मत देते अन् फाटकातून मले शाईचं बोट दाखवते. मी बी इकडून दाखवतो. मंग बस पकडते."

"बोलत नाही?"

"काय बोलाव? शाई तर दिसते ना."

माझा मुलगा पुण्यात असतो. त्यानं आपलं नाव तिकडे नेल्याचं मला यादीवरूनच कळलं होतं. त्याच्याशी माझं कसलंही भांडण नाही, पण तो वर्ष वर्ष येत नाही. आणि या भांडकुदळ माणसाला एक बोट दाखवायला पोरगी अमरावतीहून बसनं येते! मला पुन्हा जळफळाट झाला. तो यादीपायी नव्हता.

भाऊंनी सहीसाठी खिशातून पेन काढलं. फॉर्मवर टेकवलं आणि तसंच धरून बसले.

मी त्यांच्या हाताखालून फॉर्म ओढला आणि पर्समध्ये कोंबला. मग रजिस्टर उघडून त्यांच्या घरापुढं शेरा लिहिला, "घर बंद आढळले." त्यांच्याच खुर्चीवर बसून, त्यांचाच चहा पीत.

भाऊंनी रजिस्टर आपल्याकडे वळवलं. चष्मा लावला. शेऱ्यावर बोट ठेवून दोनदा वाचलं. आजवर माझी एक चूक या माणसानं सोडली नव्हती.

त्यांनी रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं.

"मॅडम," ते म्हणाले, "तारीख लागली काय?"