वानखेडेकाकांची कानस

आमच्या इमारतीतले वानखेडेकाका पाहुण्याला पाणी विचारण्याआधी त्याच्या हातातल्या किल्लीवरून अंगठा फिरवतात. जरा बोचलं, की पाहुणा दारात उभा आणि किल्ली बाल्कनीत. "धार हाये. घासून देतो."

काका मूळचे अकोल्याचे, जन्मभर चिंचवडला एका कारखान्यात फिटर. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात, हे लोखंड घासायच्या कानशी घेऊन आले. चपटी, अर्धगोल, तीनधारी आणि एक उंदराच्या शेपटीसारखी. इथे कात्रजला इतरांच्या बाल्कनीत तुळस असते, यांच्याकडे लोखंड आवळून धरायची पकड. कानस उसनी देत नाहीत, वस्तू घेऊन या म्हणतात. मी झारा घेऊन गेले आणि सोबत किसणी नेण्याची चूक केली. ती त्यांनी इतकी निर्धोक करून दिली, की तिच्यावर आता गाजर नुसतं घसरतं.

तरी चाललं असतं. पण सोसायटीने जिन्याला नवा लोखंडी कठडा बसवला आणि आठवड्याभरात त्याच्या खालच्या अंगाला खाचा दिसल्या. पहिल्या मजल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. कोणी केल्या, हे विचारायची गरज नव्हती. सभेत खाचा बुजवून पुन्हा रंग द्यायचं ठरलं. सेक्रेटरी मी, त्यामुळे काकांना समज द्यायला तिसऱ्या मजल्यावर मलाच पाठवलं.

"काका, नव्या कोऱ्या कठड्याला कसली धार होती?"

काका जिन्याकडे पाहू लागले. तेवढ्यात खालून काकू आल्या, एका हातात दुधाची पिशवी, दुसरा कठड्यावर. अंगठा खालून सरकत होता. तीन खाचांपाशी त्या थांबल्या, वळल्या आणि बरोबर दारात आल्या.

"कोण आलंय हो?" त्यांनी विचारलं. मी हातभर अंतरावर उभी होते.

मी नाव सांगितलं. चहा टाकते म्हणून त्या आत गेल्या.

काका हळूच म्हणाले, "तिले आता दिसत नाही. पण कोनाचा हात धरून चढनार नाही म्हणते. खाचा वेल्डरनं सोडल्या, असं सांगतलंय तिले."

मी खाचांवरून अंगठा फिरवला. कुठेही बोचलं नाही.

चहा घेतला आणि समज न देता खाली आले. दुसऱ्या दिवशी रंगारी डबा घेऊन हजर. खाचा बुजवू का, विचारत होता.

"राहू देत," मी म्हटलं. "वेल्डरनं सोडल्यात."