अजून चाळीस मिनिटं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या शेजारच्या दाजी तांडेलांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, तीन वर्षं झाडू फिरलेला नाही, आणि त्याला कारण मी आहे.

दाजींचं वेड गावाला ठाऊक आहे. उभा जन्म होडीवर काढलेला हा माणूस विमानात कधी बसला नाही. पण कुठल्याही दोन विमानतळांची नावं घ्या, अंतर आणि वेळ तोंडपाठ. जिथे विमानतळ नाही तिथेही त्यांचा हिशोब तयार. पुतणीच्या लग्नात वेंगुर्ल्याच्या व्याह्यांना भर पंगतीत म्हणाले, "उडान गेल्यार दोन मिनटां. पण तुमी उतरतलास खंय?" व्याह्यांनी सोलकढीची वाटी तशीच खाली ठेवली.

हे सुरू झालं एकुलता झील जयवंत मस्कतला गेल्यापासून. मस्कत ते गोव्याचा मोपा विमानतळ, साडेअठराशे किलोमीटर, अडीच तास. जप करावा तसं पुटपुटायचे.

तीन वर्षांपूर्वी जयवंत कायमचा परत यायचा होता. दाजींनी सकाळीच सुरमईचं तिखलं केलं आणि केरसुणी माळ्यावर टाकली. त्यांच्या घरचा रिवाजच तसा: माणूस पाण्यावर असला की तो किनाऱ्याला लागेपर्यंत केर काढायचा नाही. हवेलाही त्यांनी तोच नियम लावला.

दुपारी जयवंतचा फोन आला, तो मला.

"काका, मी येणंय नाय. कधीच नाय. बाबांका तुमीच सांगा."

मी काही विचारण्याआधी फोन बंद. तो नंबर पुन्हा लागला नाही. मी दोन घरांमधल्या गडग्यापाशी गेलो. पलीकडे दाजी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. माझ्या तोंडून निघालं, "जयवंत विमानात बसलो."

ते विमान अजून वरच आहे.

खळ्यात फणसाची पानं गुडघाभर साचलीत. वाऱ्याने माड वाकतात, पण त्या ढिगातलं पान हललेलं मी पाहिलेलं नाही. ओटीवर जयवंतचा पाट मांडलेला असतो; त्याच्यावर मात्र धुळीचा कण नसतो. सकाळी विचारा, तिन्हीसांजेला विचारा, दाजी आभाळाकडे बघून सांगतात, "आता चाळीस मिनटां रवली." चाळिसाची एकोणचाळीस झालेली मी ऐकली नाहीत.

परवा धीर करून केरसुणी घेऊन गेलो. म्हटलं, दाजी, मी झाडतो. त्यांनी माझं मनगट धरलं. हात समुद्रातून काढल्यासारखा गार.

"मोन्या, तो बसलो म्हणान तूच सांगितलंस मा? मगे उतरलो म्हणानही तूच सांग. तवसर माका घाई नाय."

त्यांनी मनगट सोडलं. मग पायाने पानं सारत ते ओटीवर गेले आणि त्यांनी दुसरा पाट मांडला.

"जेवन जा. एकट्याक घास जाणा नाय."

मी जेवलो. तिखलं चांगलं झालं होतं, तेही सांगितलं. जे सांगायला हवं होतं ते मात्र याही वेळी राहिलं. जयवंत विमानात बसलाच नव्हता, एवढं एक वाक्य मी दाजींचं देणं लागतो.