आमचं प्रात्यक्षिक तोंडी असतं

सेवा ही मुकाट्याने करायची गोष्ट आहे, असा समाजात एक जुना गैरसमज आहे. मुकाट्याने केलेली सेवा कोणाला दिसत नाही, जी दिसत नाही तिला गुण देता येत नाहीत, आणि जिला गुण देता येत नाहीत ती अभ्यासक्रमात बसत नाही. म्हणून आमच्या नर्सिंग कॉलेजात पदवीच्या मुलींना पहिल्या दिवसापासून सेवा बोलायला शिकवतात. अभ्यासक्रम समितीचा जुना सदस्य या नात्याने मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. (बोलणाऱ्याची बोरंसुद्धा विकली जातात, हे समितीच्या पहिल्याच बैठकीत एकमताने मान्य झालं होतं.)

पद्धत अगदी सोपी आहे. विद्यार्थिनीने जे करायचं ते आधी मोठ्याने सांगायचं. "मी आता हात धुते आहे," असं स्पष्ट उच्चारात म्हटलं की हात धुतलेले धरले जातात. हा नियम प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नव्हतं तेव्हा तात्पुरता केला होता. पुढे पाणी आलं, पण तोवर नियम सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता आणि टॉवेलही वाचत होते. सरावासाठी एक रबरी पुतळा आहे. त्याचा खांदा एकदा निखळला, तेव्हापासून त्याला हात लावायला बंदी आहे. मुली दोन हात लांब उभ्या राहून त्याला इंजेक्शन कसं देणार ते सांगतात. त्याने आजवर एकदाही तक्रार केलेली नाही. इतका समाधानी रुग्ण दुसऱ्या कुठल्या संस्थेकडे असेल, असं मला वाटत नाही.

पुढच्या संधीही भरपूर आहेत. जिला सगळ्यांत जास्त गुण पडतात ती शिकवायला लागते. तिच्या खालच्या कार्यालयात जातात, त्यांच्या खालच्या परिसंवादात निबंध वाचतात, आणि यातून ज्या उरतात त्यांना रुग्णांकडे पाठवलं जातं. परदेशी अभ्यासदौऱ्याचीही सोय आहे. (त्यासाठी वॉर्डातली हजेरी पूर्ण हवी आणि दौऱ्याच्या काळात वॉर्डातून सुटकाही हवी. या दोन्ही अटी आजवर फक्त प्राचार्याबाईंना पूर्ण करता आल्या आहेत, आणि त्या दरवर्षी पूर्ण करतात.)

यंदा शेवटच्या वर्षाला दोन मुली विशेष होत्या. एकीला सगळे रेडिओ म्हणत, दुसरीला मौनी. रेडिओ म्हणजे आमच्या अभ्यासक्रमाला आलेलं गोड फळ. ती ताप मोजायच्या आधी तापाविषयी बोलायला लागली, की बोलणं संपेपर्यंत निम्म्या रुग्णांचा ताप उतरायचा. मौनीचं सगळंच उलटं. ती वॉर्डातून फिरून गेली की उशा सरळ झालेल्या असत, सलाईन चालू असे, म्हाताऱ्यांचे पाय पांघरुणाखाली गेलेले असत. हे कधी केलं, कोणाला पत्ता लागायचा नाही.

"अगं, नुसती कामं काय करत बसतेस? अभ्यास कर!" प्राचार्याबाई तिला पोटतिडकीने सांगायच्या. मौनी मान हलवायची. मान हलवण्याला गुण नाहीत.

मागच्या वर्षी ती याच प्रात्यक्षिकात नापास झाली होती. नियमाप्रमाणे दोनदाच बसता येतं, तेव्हा ही शेवटची संधी होती. पलीकडच्या हॉस्पिटलने तिच्यासाठी नोकरी राखून ठेवली होती, तीही या निकालापुरतीच. पास झाली तर सिस्टर, नाहीतर ट्रंक उचलून घरी.

परीक्षा वॉर्डात झाली. रेडिओच्या वाट्याला घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा आले, मौनीच्या वाट्याला शेजारच्या खाटेवरची, पायाला प्लास्टर घातलेली बाई. रेडिओने आजोबांना नमस्कार केला, ओळख करून दिली आणि विचारलं, "आज आपल्याला कसं वाटतं आहे?" आजोबा बिस्किट खात होते. माणूस सभ्य. तोंडात घास असतानाच "बरं वाटतंय" म्हणायला गेले आणि बिस्किट घशात अडकलं.

रेडिओ जराही डगमगली नाही. "रुग्णाचा श्वास अडकलेला दिसतो आहे," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "अशा वेळी परिचारिकेने प्रथम रुग्णाला धीर द्यावा. आजोबा, घाबरू नका. आपली संमती असेल तर मी आता आपल्या पाठीमागे येणार आहे." परीक्षकबाईंनी धीराचे पूर्ण गुण दिले आणि आम्ही सगळे संमतीची वाट पाहत थांबलो. आजोबा निळे पडायला लागले होते.

तेवढ्यात मौनी आपली खाट सोडून आली. तिने आजोबांना पुढे वाकवलं आणि खांद्यांच्या मधोमध तळहाताने दणके घालायला सुरुवात केली. चौथ्या दणक्याला बिस्किटाचा तुकडा उडाला तो थेट परीक्षकबाईंच्या चष्म्यावर. आजोबा खोकले, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते श्वास घ्यायला लागले. मौनी परत जाऊन प्लास्टरवाल्या बाईच्या पायाखालची उशी नीट करू लागली.

समितीची तातडीची बैठक झाली. मौनीने नेमून दिलेला रुग्ण सोडला, ओळख करून दिली नाही, संमती घेतली नाही, हात धुतल्याचं सांगितलं नाही, आणि दुसरीच्या चालू परीक्षेत व्यत्यय आणला. रुग्ण वाचला, असा एक मुद्दा एका नव्या सदस्याने काढला. पण त्यासाठी गुणांचा रकाना नसल्यामुळे तो पुढच्या वर्षावर ढकलला. तरी अन्याय नको, म्हणून आजोबांनाच बोलावून घेतलं.

"तिने तुम्हाला नेमकं काय सांगितलं?" प्राचार्याबाईंनी विचारलं.

"सांगायला वेळ कुठे होता, बाई? माझा जीव चालला होता. तिने धपाधप हाणलं आणि मला परत आणलं. पोरगी फार गुणाची आहे हो!"

"म्हणजे ती काहीच बोलली नाही?"

"एक शब्द नाही!" आजोबा कौतुकाने म्हणाले.

साक्षीदारच इतका स्पष्ट म्हटल्यावर आमचा नाइलाज झाला. मौनी नापास झाली. रेडिओला व्यत्ययाची भरपाई म्हणून जादा गुण दिले, त्यामुळे ती पहिली आली.

दुसऱ्या दिवशी मौनीची आई ट्रंक न्यायला आली. मौनी तिच्या मागे उभी होती, रडून रडून डोळे सुजलेले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आई म्हणाली, "साहेब, तुम्ही तर सगळे तिथेच होतात. डोळ्यांनी पाहिलंत ना? मग असला नियम केला तरी कोणी?"

प्रश्न रास्त होता. समितीने हा नियम आपल्या मनाने केलेला नाही. बरे होऊन घरी जाणाऱ्यांना आम्ही विचारलं होतं, आमचं काय चुकलं? शंभरातले एक्क्याण्णव म्हणाले, सिस्टर गोड बोलत नाहीत. सात जणांना टीव्ही लहान वाटला. सुई चुकीच्या जागी टोचली, असं दोघेच म्हणाले. (ज्यांच्या बाबतीत फारच चुकलं होतं, ते उत्तर द्यायला येऊ शकले नाहीत.)

त्या एक्क्याण्णव जणांत, वाचकहो, आपणही होतात. "कामाला वाघ आहे हो, पण तोंडात साखर नाही," हे आपण पायऱ्या उतरता उतरता म्हणालात आणि आम्ही ते शिरसावंद्य मानलं. आता काळजीचं कारण नाही. शिकवायची जागा रिकामी होईपर्यंत पलीकडच्या हॉस्पिटलातली ती नोकरी रेडिओला मिळाली आहे. कधी तिथे दाखल झालात तर खुशाल बेल दाबा. ती हसत येईल, नमस्कार करेल, आणि आपल्यासाठी काय काय करणार आहे ते सगळं गोड आवाजात सांगेल. आपण फक्त तिचं बोलणं संपेपर्यंत तग धरा.