साबणाचा वास गेला कुठे?

मला पुन्हा कोरोना होणं शक्यच नाही, हे मी कारखान्याच्या फाटकापासून आत्याच्या खाटेपर्यंत सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. एकदा होऊन गेला होता. नंतरच्या तपासणीत अँटिबॉडी इतक्या निघाल्या की तो रिपोर्ट मी खिशात घेऊनच फिरायचो. कुणी लांब सरकलं की त्याच्या डोळ्यांपुढे धरायचो. शिकलेले तर लगेच गप्प. त्यांना माणसापेक्षा कागद खरा वाटतो.

माझं काम नाकाचं. साबणाच्या कारखान्यात प्रत्येक घाण्याचा वास घ्यायचा आणि 'चालेल' म्हणायचं. मास्क न लावायची परवानगी अख्ख्या कारखान्यात मला एकट्याला. घरीही तोच रुबाब. आत्याची फुप्फुसं नाजूक. बाकीचे दाराशी ताट ठेवून पळायचे, मी खाटेवर बसून तिच्याबरोबर चहा प्यायचो. तिनेच मला वाढवलंय. ती अशी दारामागे टाकलेली मला बघवत नव्हती.

त्या सकाळी मात्र दोन घोटांतच तिने चादर नाकापर्यंत ओढली.

"ऊठ. खिडकी उघड आणि आधी दवाखान्यात जा."

मी रिपोर्ट काढला. तिने तोंड फिरवलं. माझ्यावर संशय! मी तणतणत थेट कारखाना गाठला.

गुलाबी साबणाचा घाणा वाफाळत होता. मी वाकलो. काहीच नाही. वाईट वास नाही, मंद वास नाही. खोलीत आत्ता होतं ते माणूस मागे वळून बघावं तर नाही, तसं वाटलं.

मिक्सरवाला सुगंधी तेल घातल्याच्या शपथा घ्यायला लागला. मास्कमधून याला काय कळणार, म्हणून मी तेल दुप्पट करायला लावलं. वाफ गालाला लागत होती, नाकात शिरत होती, पण तिच्यात कुणीच नव्हतं. मॅनेजर धावत आला. तुम्हाला कुणीतरी तेल म्हणून पाणी विकलंय आणि तुम्ही खुर्चीत बसून सह्या करताय, असं त्याला चारचौघांत सुनावलं आणि उरलेला अख्खा डबा माझ्या हाताने पालथा केला.

मिक्सर थांबला. मी मान वर केली.

सगळे भिंतीला पाठ लावून उभे होते. चेहरे नाहीत, नुसते डोळे. प्रत्येक डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि सगळे माझ्याकडेच बघत होते. मी समोर आडवा पडलोय आणि हे मला पोचवायला जमलेत, असं वाटलं. खोटं कशाला सांगू, मी स्वतःला चिमटा काढून पाहिला.

"बाबा रे," मिक्सरवाला डोळे पुसत म्हणाला, "वासाने जीव चाललाय आमचा. तुला येत नाहीये?"

माझ्या डोळ्यांपुढे आत्याची खाट आली, आणि खाटेवर बसलेला मी.

दवाखान्यात निघायचा तोच निकाल निघाला. मी रिपोर्ट पुढे केला, तर डॉक्टरीणबाईंनी तो हातातही घेतला नाही. अँटिबॉडी कालांतराने घटतात, भरपूर असल्या तरी पुन्हा लागण होऊ शकते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का, म्हणाल्या. सांगितलं असेल. मी बोलत असणार तेव्हा.

कारखान्यातल्या सगळ्यांची आणि घरी आत्याचीही तपासणी झाली. मिक्सरवाल्याला तापाने धरलं. उठला बिचारा, पण अजून माझ्याशी बोलत नाही. आत्याच्या निकालापर्यंत माझ्या घशाखाली घास उतरला नाही. ती वाचली. माझ्यामुळे नाही, उघड्या खिडकीमुळे असेल, नाहीतर नशिबाने.

"त्या दिवशी दूध करपलं होतं," ती दाराबाहेरून म्हणाली, "घरभर वास. आणि तू मिटक्या मारत चहा पीत होतास."

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर कागद काढला असतास."

आता दारामागे मी आहे. माझं ताट ती काठीने आत ढकलते, आणि बरोबर वेष्टनातला एक साबण. वास आला की कामावर जायचं, असं ठरलंय. काल मी वैतागून ओरडलो, "आला! गुलाबाचा!"

बाहेरून काठी दारावर वाजली.

"वेष्टन सोड," आत्या म्हणाली.

आत बटाटा होता.