जीपच्या सात पट्ट्या

सन एकोणीसशे सत्तावन्नच्या मे महिन्यात जंगल खात्याच्या आमच्या रेंज ऑफिसच्या जीपच्या काळ्या पट्ट्या पांढुरक्या पडल्या. बाब गंभीर होती. काचेभोवती, पाय ठेवायच्या जागी आणि मडगार्डच्या कडांना मिळून अशा सात पट्ट्या होत्या. त्या रबराच्या की नवीन निघालेल्या प्लॅस्टिकच्या, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी त्या जीपचा ड्रायव्हर. इंजिन नीट होतं, ब्रेक लागत होता, पण त्याबद्दल मला कधी कोणी विचारलं नाही.

बडे बाबू देवाजी यांनी वर लिहून कळवलं. पाच महिन्यांनी उत्तर आलं : ‘सदर पट्ट्या, रबर अथवा प्लॅस्टिक जे असेल ते, मूळ रंगात राखाव्यात. कसूर झाल्यास ड्रायव्हर जबाबदार राहील.’ कशानं राखाव्यात, ते लिहिलं नव्हतं.

मी साबणानं धुतल्या. त्या आणखी पांढऱ्या झाल्या. मग कोळसा घासला. रेंजर साहेबांच्या पांढऱ्या पँटवर दोन काळे पट्टे उमटले आणि मला लेखी ताकीद मिळाली. ती वाचत मी ओसरीवर बसलो होतो. बायको आतून म्हणाली, “टोरीचं तेल लावून पाहा न.”

मोहाच्या बियांना आमच्याकडे टोरी म्हणतात. त्या दोन फळ्यांत दाबून बायको घरीच तेल काढी. मी फडक्यानं लावलं. पट्ट्या डोहातून निघालेल्या म्हशीसारख्या काळ्याभोर झाल्या. साहेब खूश झाले. तेव्हापासून दर सोमवारी तेल लावण्याचा हुकूम निघाला.

ती दारात उभी राहून पाहायची. एकदा म्हणाली, “गाडीले दर हप्त्याले तेल लावता. माह्या डोक्याले कधी लावलं का?”

मी म्हणालो, “तुह्या डोक्याचा हुकूम नाई आला.”

ती खूप हसली होती.

पण तेलाला धूळ चिकटते. पहिल्याच फेरीत पट्ट्या लाल झाल्या. तेव्हा तेल लावलेली जीप धुळीच्या रस्त्यावर नेऊ नये असं ठरलं. आलापल्लीपर्यंतचा सगळा रस्ता धुळीचाच होता. उन्हानं रंग उडतो, म्हणून शेड बांधली. शाळेच्या छपरासाठी कापलेले बांबू तिला लागले. मुलं झाडाखाली बसतच होती, त्यांना सवय होती. साहेब बैलबंडीनं दौरे करू लागले. जीप किती नवी दिसते, हे ते प्रत्येक गावात सांगत.

मग अस्वल आलं. मोहाचा वास अस्वलाला कोसावरून लागतो. एका सकाळी पाहतो तर मडगार्डची एक पट्टी चाटून साफ पांढरी केलेली. देवाजींनी जंगलावर पहारा करणाऱ्या जंगू नाकेदाराला शेडीवर बसवलं.

जंगूनं विचारलं, “मंग जंगल कोन पाहील, बाबूजी?”

“जंगल कुठी जाते?” देवाजी म्हणाले.

त्या वर्षी बरंच सागवान गेलं. पट्टी एकही गेली नाही.

पुढच्या वर्षी पाऊस लागला तेव्हा कळलं की पाण्यानं तेल धुऊन जातं. उन्हाळ्यात धूळ, हिवाळ्यात धूळ आणि दव, पावसाळ्यात पाणी. जीप बाहेर काढण्यास योग्य असा ऋतू राहिला नाही. मी रोज शेडीतल्या शेडीत इंजिन चालू करून बंद करत असे. अहवालात ‘वाहन सुस्थितीत’ असं जाई, आणि ते खरं होतं.

श्रावणात माझ्या बायकोच्या पोटात दुखू लागलं. तिसऱ्या दिवशी वैदूनं हात जोडले. गडचिरोलीच्या दवाखान्यात न्या, म्हणाला, आजच्या आज. पाऊस चालू होता. मी देवाजींकडे गेलो आणि जीप मागितली.

देवाजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं. “पेशंट नेता येते,” ते म्हणाले, “तसा हुकूमच आहे आपल्याकडे. पन कोरड्या दिवशी.”

“दिवस कोरडा होयपर्यंत तिचं काय होईल, बाबूजी?”

“गुरुवारी मोठे साहेब खास पट्ट्या पाह्याले येऊन राह्यले. आज बाहेर काढल्या त तेल राहील का? तूच सांग. तूच लावते.”

तेल राहिलं नसतं. मी तसं सांगितलं.

त्यांनी स्वतःची बंडी दिली, स्वतःची छत्री दिली. ताडपत्रीही दिली असती, पण ती शेडीत जीपवर घातलेली होती.

शेडीवरून जाताना तिनं मान वळवून पाहिलं. पाणी तिच्या तोंडावर येत होतं. म्हणाली, “मलेबी तेल लावून ठेवा लागत होतं. शेडीत त राह्यली असती.”

या वेळी ती हसली नाही, मीही नाही.

नाल्याला सकाळी घोटाभर पाणी होतं, असं अलीकडच्या काठावर मासे धरणारा लटारू ढीवर सांगत होता. बंडी पोचली तेव्हा दुपार कलली होती आणि पाणी छातीभर होतं. आम्ही उतार पडायची वाट पाहत थांबलो. संध्याकाळी ती त्याच काठावर गेली. जीपची किल्ली दिवसभर माझ्याच खिशात होती. देवाजींनी ती मागून घेतली नव्हती. तशी गरज त्यांना वाटली नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

गुरुवारी मोठे साहेब आले. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि मान डोलावली. साऱ्या रेंजमध्ये हीच पद्धत सुरू करावी म्हणाले. तेल कुठलं, हेही विचारलं. त्यावर देवाजींनी टिपण लिहिलं : ‘तेल पुरवणारी स्त्री मयत झाल्याने पुरवठा खंडित. पर्यायी व्यवस्था व्हावी.’ ती पुढच्या सोमवारच्या आत झाली.

तेराव्याला गावोगावचे लोक आले. माझ्याजवळ बसले, सुपारी खाल्ली आणि जाताना शेडीकडे वळले. “भाऊ, पट्ट्या काय चमकून राह्यल्या,” असं प्रत्येक जण सांगून गेला. मी सगळ्यांना हो म्हणालो.

तुम्हीही इथवर वाचलंत. अस्वल पुन्हा आलं का, हे विचारायचं तुमच्या मनात असेल. आलं नाही. माझ्या बायकोचं नाव मी सांगितलं नाही. ऑफिसच्या कागदाला ते लागलं नाही, म्हणून राहून गेलं. तुम्हालाही लागलं नाही. तिचं नाव मनकर्णा.

पट्ट्या किती होत्या, ते तुम्हाला आठवत असेलच.