याचा धनी कोण?

१२ जानेवारी. आज ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरची जुनी पॅकेजं बदलायची होती. दुसऱ्या कुठल्या ऑफिसात हे चहा होईपर्यंत आटोपलं असतं. आमच्याकडे गजाननभाऊ आहेत.

गजाननभाऊंपुढे समोसा ठेवला तरी ते आधी विचारतात, "याचा धनी कोन?" दुकानदार ओळखीचा निघाला तर खातात, नाही तर बशी माझ्याकडे सरकवतात. दर्यापूरला त्यांच्या भावांचा भाजीचा मळा आहे. इथे अमरावतीत एकट्यापुरता सांभार, म्हणजे कोथिंबीर, घ्यायचा, तरी जुडीचा दोरा सोडून काडी न् काडी पाहतात. एकदा भाजीवालीच म्हणाली, "भाऊ, सांभार घेऊन राहिले का सून पाहून राहिले?"

माझं ऑफिस छोटं आहे. अकोल्याच्या भाजी अडत्यांसाठी आम्ही मोबाइल ॲप करतो. ऑफिसातल्या मुलींना जावास्क्रिप्टमधल्या नव्या, अजून प्रयोगात असलेल्या गोष्टी वापरायची हौस. अडत्यांचे फोन मात्र जुने. ती नवी भाषा जुन्या फोनला कळेल अशी उतरवून देतो तो कंपायलर, आणि त्याला कुणी कुणी फुकट लिहिलेली लहान पॅकेजं, म्हणजे तयार प्रोग्राम, जोडावी लागतात. ही पॅकेजं आपल्या मशिनवर चालतात तेव्हा त्यांना अडवणारं कुणी नसतं. मनात आणलं तर पासवर्डही उचलतील.

"सालदार ठेवाच्या आधी त्याचं गाव इचारता, घर इचारता," गजाननभाऊ मुलींना सुनावतात, "आन् याले न पाहता तिजोरीपाशी झोपवता." मग ते पॅकेज उघडतात आणि पहिल्या ओळीपासून वाचत बसतात. प्रयोगातल्या गोष्टींवर तर त्यांचा विशेष राग. "बोलनी चालू हाये, कुंकू लागलं नाई. आत्ताच काहून मिरवता?"

यातली गंमत अशी, की असल्याच एका बोलणी चालू असलेल्या गोष्टीसाठी त्यांनी स्वतः एक पॅकेज लिहिलं आहे. वर्षं झाली, ती गोष्ट भाषेत घ्यायची की नाही हे ठरवणाऱ्यांचं अजून ठरत नाही. दरम्यान कुठल्या कुठल्या देशांतले लोक भाऊंचं पॅकेज वापरतात. चुका निघाल्या की खरमरीत लिहितात. बाकी वेळी गप्प. भाऊ रविवारी बसून दुरुस्त्या करतात. त्यांचं पॅकेज वाचून पाहावं असं आम्हाला कधी वाटलं नाही. भाऊंचं आहे म्हटल्यावर काय वाचायचं?

आज बदलायच्या यादीत तेही होतं. त्यावर हात ठेवून ते म्हणाले, "हे राहू द्या. मी देऊन टाकून राहिलो."

"कुणाला?"

कुणी डॅनियल. काही महिन्यांपासून लहानसहान चुका स्वतःहून दुरुस्त करून पाठवत होता. अगदी गोड लिहायचा. तुम्ही थकला असाल, किल्ल्या माझ्याकडे द्या म्हणाला. किल्ल्या म्हणजे नवी आवृत्ती जगभर पाठवायचा हक्क. भाऊ आज संध्याकाळी त्या देणार होते.

मी विचारलं, "भाऊ, याचा धनी कोण?"

ते स्क्रीनकडे पाहत म्हणाले, "त्यानं गुडघा इचारला, ताई. दर खेपेले इचारते."

भाऊंचा गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं. आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही.

त्या विषयावर बोलणं मला जमलं नसतं. मी म्हटलं, त्याला नाव-गाव विचारा, तोंड दाखव म्हणा. आणि तो उत्तर देईपर्यंत त्याचं शेवटचं काम वाचा. ते त्यांनी वाचलंच नव्हतं. समोशाची चौकशी करणारा हा माणूस.

भाऊ वाचू लागले. मुलीही येऊन मागे उभ्या राहिल्या. तपासणीसाठी म्हणून घातलेल्या फाइलींत एक ओळ होती. पॅकेज मशिनवर उतरलं की ती आपोआप चालणार, तिथले पासवर्ड गोळा करणार आणि बाहेर पाठवणार. भाऊंनी तिच्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. डॅनियलचं उत्तरही आलं. आधी किल्ल्या द्या, उगाच वेळ घालवू नका. गुडघ्याचं काही नव्हतं.

भाऊंनी त्याला पॅकेजच्या कामातून बाहेर काढलं, त्याची आधीची सगळी कामं पुन्हा तपासली, वापरणाऱ्यांना सावध करणारी सूचना लावली. एका बैठकीत, न चुकता. किती मशिनी वाचल्या देव जाणे. मुलींनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी चष्मा पुसला.

"बोलत चांगला होता," ते म्हणाले आणि जिना उतरू लागले. मी पहिल्यांदाच पाहिलं, ते कठडा धरून एकेक पायरी उतरतात.

१३ जानेवारी. आज सकाळी मी ऑफिसला जाताना स्कूटर त्यांच्या घरावरून घेतली. फाटकाशी थांबून विचारलं, "भाऊ, गुडघा कसा आहे?"

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "तुमाले कायले पायजे?"

"मागे बसा," मी म्हटलं, आणि गाडी चालू ठेवली.